वय झालेल्या नामवंत बेसबॉलपटूचा दीर्घ करार कसा तोलावा

संघाने ३१ वर्षांच्या नामवंत खेळाडूला दहा वर्षांचा करार दिल्याची बातमी डिसेंबरात येते आणि चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. चाळिशीत हा काय खेळणार, असे एक तट विचारतो. पैसे मालकाचे, आपल्या खिशातून काय जाते, असे दुसरा म्हणतो. चाळिशीत तो फारसा खेळणार नाही, हे करारावर सही करणाऱ्या जनरल मॅनेजरला (संघबांधणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) पुरते ठाऊक असते आणि ते धरूनच त्याने रक्कम ठरवलेली असते. पैसे मालकाचे हेही खरे, पण त्याच पैशांत येऊ शकणारे दोन पिचर (चेंडू टाकणारे) आणि एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आले नाहीत, तर त्याची झळ चाहत्याच्या उन्हाळ्याला बसतेच. म्हणून तोलायच्या गोष्टी दोनच आहेत: पहिल्या चार-पाच वर्षांत संघाच्या पदरात काय पडणार, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांचे ओझे वाहत असताना बाकीचा संघ उभा राहू शकेल का. पुढचा सगळा खटाटोप या दोन प्रश्नांची उत्तरे शक्य तितकी आकड्यांत मिळवण्यासाठी आहे.

आधी हे करार इतक्या उशिरा आणि इतक्या लांबीचे का होतात, ते समजून घ्यावे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो. त्यातली पहिली तीन वर्षे तो बहुतेक करून किमान वेतनाच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये हे वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते) आणि पुढच्या तीन वर्षांचे वेतन गरज पडल्यास लवाद ठरवतो. बहुतेक फलंदाजांचा खेळ साधारण २६ ते २९ या वयात शिखरावर असतो, आणि खुल्या बाजारात मात्र ते बहुधा २८ ते ३१ च्या दरम्यान उतरतात. म्हणजे स्वस्तातली चढण आधीच्या संघाने वापरलेली असते आणि नव्या संघाला महागडी उतरण विकत घ्यावी लागते. आयपीएलचे लिलाव पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन पाटी कोरी होते. बेसबॉलमधला करार पूर्ण हमीचा असतो. खेळाडू जायबंदी झाला, त्याचा सूर हरपला किंवा संघाने त्याला काढून टाकले, तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

लांबीचे कारण वेगळे आहे. संघाच्या एकूण वेतनखर्चाने ठरावीक मर्यादा ओलांडली की संघाला कर भरावा लागतो, ज्याला सगळे लक्झरी टॅक्स म्हणतात, आणि हा कर मोजताना प्रत्यक्ष त्या वर्षी दिलेली रक्कम न धरता कराराची वार्षिक सरासरी धरतात. साहजिकच तेवढीच रक्कम जास्त वर्षांवर पसरली की करापुरता आकडा लहान दिसतो. ब्राइस हार्परला २०१९ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर दिले, तेव्हा वार्षिक सरासरी अडीच कोटींच्या किंचित वर राहिली. झँडर बोगार्ट्स (सॅन दिएगो पाद्रेस, २८ कोटी) आणि ट्रे टर्नर (फिलीज, ३० कोटी) यांना वयाच्या तिशीच्या आसपास ११ वर्षांचे करार मिळाले, तेही त्यांनी चाळीस वर्षांचे होईपर्यंत शॉर्टस्टॉपवर उभे राहावे या अपेक्षेने नव्हेत. त्यामुळे कराराच्या वर्षांच्या आकड्याने दचकण्याआधी एकूण रक्कम पाहावी, ती किती वर्षांच्या चांगल्या खेळाची किंमत आहे हे ठरवावे, आणि उरलेली वर्षे हप्ते फेडण्याची आहेत असे समजावे.

कागदावरचा हिशेब

हा हिशेब कोणालाही घरी करता येतो. त्यासाठी ‘वॉर’ नावाचा आकडा लागतो. सहज उपलब्ध असलेल्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखादा खेळाडू संघाला मोसमात किती जास्त विजय मिळवून देतो, याचा तो अंदाज असतो. दोनच्या आसपासचा खेळाडू नियमित खेळणारा, पाचच्या वरचा उत्तम, आणि आठच्या पुढचा मोसमातल्या सर्वोत्तमांपैकी एक, असे ढोबळमानाने समजतात. विश्लेषकांचा जुना ठोकताळा असा आहे की तिशीनंतर हा आकडा दरवर्षी साधारण अर्ध्या विजयाने घटतो. खुल्या बाजारात अशा एका विजयाला अलीकडे ८० ते ९० लाख डॉलर मोजावे लागतात असे धरतात. २०११ च्या सुमारास हा भाव ५० लाखांच्या जवळ होता.

आता आल्बर्ट पुहोल्सचा करार घ्यावा. सेंट लुइस कार्डिनल्ससाठी ११ मोसम खेळून, तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि दोन वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकून, डिसेंबर २०११ मध्ये त्याने लॉस एंजेलिस एंजल्सशी १० वर्षांचा, २४ कोटींचा करार केला. जानेवारीत तो ३२ वर्षांचा होणार होता. त्याच्या शेवटच्या मोसमाचे आकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते: फलंदाजीची सरासरी .२९९ (म्हणजे दर हजार प्रयत्नांत २९९ हिट, फटका मारून बेस गाठणे), होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) ३७, त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा ९९. कोणालाही हेवा वाटावा असेच हे आकडे, पण .३०० ची सरासरी आणि शंभर धावा या दोन्ही रेषांच्या खाली तो कारकिर्दीत प्रथमच आला होता. पाचपासून सुरुवात करून दरवर्षी अर्धा वजा केला, तर दहा वर्षांची बेरीज साडेसत्तावीस विजय होते. २४ कोटींत त्या काळच्या भावाने ४८ विजय यायला हवे होते. पुढची भाववाढ गृहीत धरून सरासरी भाव ६५ लाख मानला, तरी ३७ यायला हवे होते. म्हणजे करार तोट्याचा आहे हे कळायला दहा वर्षे थांबण्याची गरज नव्हती, सहीच्या दिवशीच कागद-पेन्सिलीने ते दिसत होते. प्रत्यक्षात पायाच्या दुखण्याने घसरण त्याहून वेगाने झाली आणि एंजल्सकडची त्याची सरासरी .२५६ राहिली. त्यातही रक्कम चढत्या हप्त्यांची होती: २०१२ मध्ये १ कोटी २० लाख आणि अखेरच्या २०२१ मध्ये ३ कोटी. सर्वांत मोठा हप्ता चालू असलेल्या त्याच वर्षी, मे महिन्यात, एंजल्सने त्याला मोकळे केले.

याच पद्धतीने ॲरन जजचा करार पाहावा. डिसेंबर २०२२ मध्ये, वयाच्या तिशीत, ६२ होमरनचा मोसम संपवून त्याने न्यूयॉर्क यांकीजशी ९ वर्षांसाठी ३६ कोटींचा करार केला. त्या मोसमाचा त्याचा आकडा दहाच्या वर होता, पण तिथून सुरुवात करणे भाबडेपणाचे ठरले असते. सातपासून सुरुवात केली, तर नऊ वर्षांची बेरीज ४५ विजय होते आणि ९० लाखांच्या भावाने त्यांची किंमत साडेचाळीस कोटी येते; करार परवडतो. साडेपाचपासून सुरुवात केली, तर बेरीज साडेएकतीस आणि किंमत २८ कोटींच्या आसपास. करार अंगावर येतो. घसरणीचा वेग तोच ठेवूनही निष्कर्ष उलटतो. चाहते घसरणीवर तावातावाने वाद घालतात, पण हिशेबाचे पारडे बहुतेक वेळा सुरुवातीच्या आकड्यावर झुकते.

म्हणून सुरुवातीचा आकडा काळजीने निवडावा. गेल्या तीन मोसमांची सरासरी काढावी, ताज्या मोसमाला जास्त वजन द्यावे आणि किती सामने खेळला हे त्यात धरावे. जजच्या बाबतीत २०१८ आणि २०१९ मधली दुखापतग्रस्त वर्षे आणि नंतरचे दोन जवळपास पूर्ण मोसम, दोन्ही विचारात घेतले असता सातचा आकडा वाजवी वाटतो. (पुढे २०२३ मध्ये पायाच्या बोटाच्या दुखापतीने तो १०६ सामनेच खेळला; २०२४ आणि २०२५ मध्ये मात्र लागोपाठ सर्वोत्तम खेळाडू ठरून त्याने कराराचा मोठा भाग तिथेच वसूल करून दिला.) उलट क्रिस डेव्हिसला जानेवारी २०१६ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने ७ वर्षांसाठी १६ कोटी १० लाख दिले, तेव्हा सर्वांना आठवत होते ते २०१३ मधले ५३ आणि २०१५ मधले ४७ होमरन. मधल्या २०१४ मध्ये त्याची सरासरी .१९६ होती, हे तीन वर्षांच्या सरासरीने लपू दिले नसते.

शरीर आणि कौशल्य

अर्ध्या विजयाची वार्षिक घट ही सरासरी आहे आणि समोरचा खेळाडू सरासरीपेक्षा लवकर उतरेल की उशिरा, याचा थोडा अंदाज बांधता येतो. धावण्याचा वेग आणि क्षेत्ररक्षण सर्वांत आधी जातात, बहुतेकदा तिशीच्या आतच. ताकद त्यानंतर काही वर्षे टिकते. कोणत्या चेंडूला बॅट लावायची आणि कोणता सोडायचा ही नजर सर्वांत उशिरापर्यंत साथ देते. त्यामुळे ज्याच्या खेळाचे मोल वेगावर आणि शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्डच्या जागेवर उभे आहे, त्याने ती जागा सोडल्यावर नुसत्या फलंदाजीवर त्याचे किती मोल उरते, हे विचारावे. बोगार्ट्सला करारातल्या दुसऱ्याच मोसमात सेकंड बेसवर, म्हणजे तुलनेने सोप्या जागी, नेले होते. याउलट जो आधीच फर्स्ट बेसवर, क्षेत्ररक्षणाच्या सोप्या जागी, आहे त्याला सरकायला फक्त डेझिग्नेटेड हिटरची (क्षेत्ररक्षण न करता नुसती फलंदाजी करणाऱ्याची) जागा उरते. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही गटांत ती सोय झाली हे खरे, पण तिथे बॅट थंडावली की बाकी काहीच शिल्लक राहत नाही.

डेव्हिसच्या आकड्यांत आणखी एक इशारा होता. २०१५ मध्ये, म्हणजे त्याच्या उत्तम मोसमातही, तो २०८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता. ज्याचा चेंडूशी संपर्क आधीच कमी आहे त्याची बॅट किंचित मंदावली तरी चूक झाकायला जागा राहत नाही. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८ पर्यंत उतरली आणि त्या मोसमाच्या अखेरीपासून पुढच्या मोसमात सलग ५४ वेळा तो हिटविना परतला. याच्या दुसऱ्या टोकाला फ्रेडी फ्रीमन आहे: वेगावर फारसा न विसंबणारा, नजर आणि संपर्क उत्तम असलेला फर्स्ट बेसमन. ३२ व्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला ६ वर्षांसाठी १६ कोटी २० लाख दिले, आणि २०२४ मध्ये, ३५ वर्षांचा असताना, तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पिचरच्या बाबतीत मी असा हिशेब करतच नाही म्हटले तरी चालेल, कारण तिथे उतरण नसते, कडा असतो. वॉशिंग्टन नॅशनल्सने मॅक्स शेर्झरला ३० व्या वर्षी ७ वर्षांसाठी २१ कोटी दिले. त्याने दोन साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा किताब) आणि २०१९ च्या विजेतेपदात मोठा वाटा देऊन करार फेडला. त्याच संघाने त्याच विजेतेपदानंतर, वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या ३१ वर्षांच्या स्टीफन स्ट्रासबर्गला ७ वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख दिले आणि तो त्यानंतर एकूण आठ सामने खेळू शकला. हात आणि खांदा यांचा भरवसा देता येत नाही. एवढे मात्र पाहता येते की गेल्या दोन वर्षांत त्याने किती सामन्यांची सुरुवात केली आणि फास्टबॉलचा वेग दरवर्षी किती घटतो आहे. जेकब डीग्रॉमने २०२१ आणि २०२२ मिळून २६ सामनेच सुरू केले होते. टेक्सास रेंजर्सने तरीही ३४ व्या वर्षी त्याला ५ वर्षे आणि साडेअठरा कोटी दिले, आणि २०२३ मध्ये सहा सामन्यांनंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. गंमत अशी की रेंजर्सने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि २०२५ मध्ये तो ३० सामने सुरू करण्याइतका तंदुरुस्त होऊन परतला.

कलमे वाचताना

पहिली गोष्ट तारखेची. करार केव्हा झाला आणि केव्हा लागू झाला, यातले अंतर पाहावे. डेट्रॉइट टायगर्सने मिगेल काब्रेराला मार्च २०१४ मध्ये ८ वर्षांची, २४ कोटी ८० लाखांची मुदतवाढ दिली, तेव्हा जुन्या कराराची दोन वर्षे अजून शिल्लक होती. नवा करार २०१६ ला सुरू झाला, त्या मोसमात काब्रेरा ३३ वर्षांचा होता. पहिल्या वर्षी ३८ होमरन आले आणि पुढच्या वर्षीपासून घसरण लागली. फिलीजने रायन हॉवर्डलाही असेच एप्रिल २०१० मध्ये ५ वर्षांसाठी साडेबारा कोटी दिले, जे २०१२ पासून लागू व्हायचे होते, आणि २०११ च्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या चेंडूनंतर धावताना त्याच्या टाचेची शीर तुटली. खेळाडू हातात असताना उतरणीची वर्षे दोन वर्षे आधीच विकत घेणे, ही या सगळ्या व्यवहारांतली मला सर्वांत कमी पटणारी रीत आहे. माहिती मिळण्याची वाट पाहण्याचा हक्क संघ फुकट सोडून देतो.

दुसरी गोष्ट पुढे ढकललेल्या पैशांची. शोहेई ओतानीचा डॉजर्सशी झालेला १० वर्षांचा, ७० कोटींचा करार ऐकून डोळे फिरतात, पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी द्यायचे आहेत. त्यांची आजची किंमत धरून करासाठी वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखच मोजले जातात. म्हणून मथळ्यातली रक्कम न धरता आजच्या किमतीची रक्कम धरावी. न्यूयॉर्क मेट्स दर १ जुलैला बॉबी बोनियाला ११ लाख ९३ हजार डॉलर देतात आणि २०३५ पर्यंत देणार आहेत, याची दरवर्षी टिंगल होते. प्रत्यक्षात ते ५९ लाखांचे देणे आठ टक्के व्याजाने लांबवल्याचे हप्ते आहेत आणि संघाच्या खर्चात त्यांचे वजन नगण्य आहे.

खेळाडूला मध्येच करार सोडण्याची मुभा असेल, तर ती संघाच्या विरोधातच धरावी: चांगला खेळला तर तो जाईल, वाईट खेळला तर राहील. बदलीला नकार देण्याचा हक्क करारात नसला, तरी मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाली की तो आपोआप मिळतो. दीर्घ करारात हा दिवस उजाडतोच.

देणारा कोण आहे

तोच करार एका संघाला परवडतो आणि दुसऱ्याला बुडवतो. २०२५ मध्ये कराची मर्यादा २४ कोटी १० लाख होती. पहिल्यांदा ती ओलांडणाऱ्याला वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर बसतो. फार वर गेल्यास अधिभार धरून तो ११० टक्क्यांपर्यंत जातो. यांकीज किंवा डॉजर्सना वर्षाला चार कोटींचे निकामी ओझे त्रासदायक असते, पण त्यांच्यासाठी ते जीवघेणे नसते. मर्यादेच्या जवळ फिरकूही न शकणाऱ्या संघात त्याच ओझ्याने तीन जागा रिकाम्या राहतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या चार-पाच वर्षांत संघ जिंकण्याच्या अवस्थेत आहे का. पुहोल्सच्या दहा वर्षांत, सोबत माइक ट्राउटसारखा अव्वल खेळाडू असूनही, एंजल्स एकदाच, २०१४ मध्ये, मोसमानंतरच्या बाद फेरीत गेले आणि कॅन्सस सिटीकडून तिन्ही सामने हरले, कारण पिचिंग कधी उभेच राहिले नाही. काब्रेराच्या बाबतीत टायगर्सने २०१७ मध्ये आघाडीचा पिचर जस्टिन व्हरलँडर ह्यूस्टनला देऊन टाकला आणि २०१९ मध्ये ते ११४ सामने हरले. बापड्याला उरलेला करार पडक्या संघात पुरा करावा लागला.

आणि तो खेळाडू गेला असता तर काय आले असते, हेही लिहून ठेवावे. फ्रीमन गेल्याने अटलांटाचे चाहते हळहळले, पण ब्रेव्ह्जने त्याच्या जागी २७ वर्षांचा मॅट ओल्सन आणून त्याला ८ वर्षांसाठी १६ कोटी ८० लाख दिले आणि २०२३ मध्ये त्याने ५४ होमरन मारले. पुहोल्स गेला तेव्हा सेंट लुइसमध्ये सुतक होते. त्याच्या बदल्यात एंजल्सकडून मिळालेल्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) क्रमांकावर कार्डिनल्सने मायकल वाका हा पिचर घेतला, आणि २०१३ मध्ये तोच त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणाऱ्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

भावनेला या हिशेबात जागा नाही, असे मी म्हणणार नाही. काब्रेराचा पाचशेवा होमरन आणि तीन हजारावा हिट डेट्रॉइटच्या गणवेशात पाहायला मिळाला, याला किंमत आहे. फक्त ती वेगळ्या रकान्यात लिहावी आणि तिच्यासाठी किती वर्षे लागतात ते विचारावे. पुहोल्स २०२२ मध्ये सेंट लुइसला परतला तो एका वर्षाच्या, २५ लाख डॉलरच्या करारावर. त्याने २४ होमरन मारले, कारकिर्दीचा आकडा ७०३ वर नेला आणि गावाने डोळे भरून पाहिले.

करार झाल्यानंतर दर मोसमात हाच कागद पुन्हा काढावा, पण प्रश्न बदलावा. दिलेला पैसा परत येत नाही, म्हणून ‘एवढे पैसे दिले आहेत तर खेळवा’ हे म्हणणे टिकत नाही. त्या जागी दुसरा कोणी जास्त विजय देतो का, एवढेच पाहायचे असते. मेट्सने मे २०२२ मध्ये रॉबिन्सन कनोला मोकळे केले, तेव्हा त्याचा १० वर्षांचा करार २०२३ अखेरपर्यंत बाकी होता आणि निर्णय बरोबर होता. ओरिओल्सने मात्र डेव्हिसला कित्येक मोसम फळीत ठेवले. आता नवीन करार तोलताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागेल: मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे, त्यामुळे वर दिलेले कराचे टप्पे त्या तारखेपर्यंतच पक्के धरावेत आणि त्यापुढच्या वर्षांचा खर्च पेन्सिलीनेच लिहावा.